आर्य माओरी आणि आपली संस्कृतभक्ती

गणेशोत्सवाचे स्नेहसंमेलन असो, पाडव्याची पंगत असो की कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा असो. न्यूझीलंडमध्ये चार मराठी माणसे जमली आणि गोष्ट भाषेवर आली की एक वाक्य हमखास कानी पडते. "अहो, ही माओरी भाषासुद्धा आपल्या संस्कृतातूनच निघालेली आहे!" मग पुरावे सुरू होतात. दोनाला त्यांच्याकडे ‘रुआ’, आपल्याकडे ‘द्वौ’. तिनाला ‘तोरू’, आपले ‘त्रि’. सूर्याला ‘रा’, आपला ‘रवि’. प्रतिष्ठेला ‘माना’, आपला ‘मान’. पाण्याला ‘वाई’, आपले ‘वारि’. ऐकणारे माना डोलावतात, मुले थोडी कौतुकाने आणि थोडी शंकेने बघतात, आणि तेवढ्यात पाने वाढल्याची हाक येते.

या वाक्याला विरोध करावा असे सहसा कुणाला वाटत नाही. परमुलुखात राहणाऱ्या माणसाला आपल्या जुन्या ठेव्याचा आधार वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. शिवाय या वाक्यात इथल्या भूमिपुत्रांशी नाते जोडण्याची सदिच्छाही आहे. पण विधान गोड आहे म्हणून ते खरे ठरत नाही. ते खरे आहे का, आणि खरे नसेल तर ते सांगत राहण्याने नुकसान कुणाचे, या दोन प्रश्नांचा विचार आपण आज करू.

मूळ पुरुष वेलिंग्टनचा

गंमत अशी की ही कल्पना आपल्यापैकी कुणा अभिमानी माणसाने काढलेली नाही. ती काढली एका इंग्रजाने, आणि तीही इथेच, वेलिंग्टनमध्ये. एडवर्ड ट्रेगियर हे त्यांचे नाव. १८४६ साली साउदॅम्प्टनला जन्मलेला, मूळच्या कॉर्निश घराण्यातला हा मुलगा १८६३ साली आईबरोबर न्यूझीलंडला आला. मोजणी खात्यात नोकरी करत रानावनात हिंडला, माओरी लोकांत राहून त्यांची भाषा शिकला. पुढे सरकारी कामगार खात्याचा तो पहिला सचिव झाला. १८९० नंतरच्या दशकात न्यूझीलंडमध्ये कामगारांच्या हिताचे जे कायदे झाले, त्यांमागे त्याचाही हात होता. म्हणजे माणूस अभ्यासू, कष्टाळू आणि मोठ्या मनाचा होता.

१८८५ साली सरकारी छापखान्यातून त्याचे ‘द आर्यन माओरी’ हे छोटेखानी पुस्तक निघाले. पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे: माओरी माणूस वंशाने आर्य आहे, त्याचे पूर्वज गुरे पाळणारे होते, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ते भारतातून निघाले, आणि आर्य पूर्वजांची भाषा माओरीने जितकी शुद्ध राखली तितकी ग्रीक आणि लॅटिननेही राखली नाही. या देशात गाय पहिल्यांदा उतरली ती १८१४ साली, सॅम्युअल मार्सडेन या मिशनऱ्याबरोबर. तोवर माओरींनी गाय पाहिलेलीच नव्हती. पण ट्रेगियरला माओरीतल्या ‘काऊ’ने सुरू होणाऱ्या कितीतरी शब्दांत संस्कृत ‘गौ’ दिसू लागली. माणसे गाय विसरली, भाषेने तिची आठवण जपली, असा त्याचा सिद्धान्त.

ट्रेगियरला हसण्याचे कारण नाही. ज्या काळात तो लिहीत होता तो काळच या शोधांनी भारलेला होता. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याला भाषण करून संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळच्या भाषा असाव्यात असे सांगितले, आणि युरोपातल्या विद्वानांपुढे एक नवे जग उघडले. मॅक्समुल्लरची पुस्तके घरोघर पोचली होती. संस्कृत जाणले की सर्व मानवजातीचा इतिहास उलगडेल असे वाटावे अशी हवा होती. तौलनिक व्याकरणाचा पाया घालणाऱ्या फ्रान्झ बॉप या थोर जर्मन पंडिताचाही पाय इथेच घसरला होता. १८४१ साली त्याने मलाय आणि पॉलिनेशियन भाषा संस्कृतच्या नात्यातल्या आहेत असे प्रतिपादन केले. जिथे बॉप चुकला तिथे मोजणी खात्यातल्या माणसाचे काय!

पण चूक दाखवणारेही इथेच निघाले. नेल्सनचे वकील आणि माओरी भाषेचे जाणकार आर्थर ॲटकिन्सन यांनी १८८६ साली न्यूझीलंड इन्स्टिट्यूटच्या वार्षिकात ‘द आर्यो-सेमिटिक माओरी’ हा लेख लिहून ट्रेगियरची रेवडी उडवली. ट्रेगियरचीच रीत वापरली तर वाटेल त्या शब्दातून वाटेल ते सिद्ध करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. ट्रेगियरने उत्तर दिले, वाद रंगला. पण पुढच्या अभ्यासकांनी कौल दिला तो ॲटकिन्सनच्या बाजूने.

कावळा, ताडफळ आणि भुंगेरा

आता पुराव्याकडे वळू. आणि त्यासाठी परकीय शास्त्राकडे जाण्याआधी आपलेच शास्त्र हाती घेऊ. कारण या बाबतीत आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी इशारा देऊन ठेवलेला आहे.

काकतालीय न्याय आपण सर्वांनी शाळेत ऐकलेला असतो. कावळा येऊन बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली. म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. दुसरा आहे घुणाक्षर न्याय. लाकूड पोखरणारा किडा, घुण, भोके पाडत जातो आणि मधेच एखादे अक्षर उमटल्यासारखे दिसते. म्हणून किडा लिहायला शिकला असे कुणी म्हणत नाही. दोन भाषांतले दोन शब्द सारखे दिसले की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे अक्षर आहे की घुणाक्षर?

नैयायिकांनी ही गोष्ट आणखी नेमकी करून ठेवली आहे. धूर दिसला की विस्तवाचे अनुमान करता येते, कारण विस्तव नाही तिथे धूर कधीच दिसत नाही. तळ्यावर धूर दिसू लागला तर ते अनुमान कोसळेल. जी खूण साध्य असते तिथेही दिसते आणि नसते तिथेही दिसते, तिला सव्यभिचारी हेतू म्हणतात. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शब्दांचे नुसते साम्य हा असाच सव्यभिचारी हेतू आहे. फारसीतला ‘बद’ आपल्या ‘बदनाम’मध्ये आहे आणि इंग्रजीतला ‘बॅड’ही वाईटच; पण अभ्यासकांनी दोन्ही शब्दांचा माग काढला तेव्हा त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध निघाला नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या आदिवासींची म्बाबारम नावाची एक भाषा होती. तिच्यात कुत्र्याला शब्द होता ‘डॉग’. तोही इंग्रजांकडून घेतलेला नव्हे, तर त्यांच्याच भाषेच्या नियमाने बनलेला. तळ्यावर धूर दिसतो तो असा.

माओरीच्या बाबतीत तर असा योगायोग घडणे फारच सोपे आहे. माओरीत व्यंजने सगळी मिळून दहा आणि स्वर पाच. आपल्या वर्णमालेत व्यंजने तीसच्या वर. संस्कृतातले क, ख, ग, घ हे चारही माओरीच्या एका ‘क’वर बसवायची मुभा घेतली, अर्थ जरासा ताणला, की शेकडो शब्द ‘जुळतात’. चाळणीची भोके मोठी केली की खडेही पिठात जातात.

मग नाते ओळखायचे कसे? साम्य नियमाने यावे लागते. संस्कृत ‘सप्त’चे मराठीत ‘सात’ झाले, ‘हस्त’चा ‘हात’, ‘कर्म’चे ‘काम’, ‘अष्ट’चे ‘आठ’. मधल्या प्राकृतात जोडाक्षर सपाट झाले, पुढे मराठीत ते एकेरी झाले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला. हा नियम एका शब्दाचा नाही, शेकडो शब्दांचा आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबईला विल्सन व्याख्याने दिली, त्यांत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांचा हा प्रवास पायरी पायरीने मांडला. म्हणजे ट्रेगियरच्या पुस्तकाच्या आधीच, आपल्याच माणसाने, नाते कसे सिद्ध करायचे ते करून दाखवले होते.

हीच कसोटी माओरीला लावून पाहू. माओरीत दोनापासून नवापर्यंत मोजायचे तर: रुआ, तोरू, फा, रिमा, ओनो, फितू, वारू, इवा. ‘रुआ’ आणि ‘तोरू’ ऐकून आपण खूश होतो. पण पुढे चार म्हणजे ‘फा’, पाच म्हणजे ‘रिमा’, सात म्हणजे ‘फितू’! पंच आणि सप्त कुठे गेले? आता हवाई बेटांवर जाऊ: लुआ, कोलू, हा, लिमा, ओनो, हिकू, वालू, इवा. माओरीचा ‘र’ तिथे ‘ल’, आणि माओरीचा ‘त’ तिथे ‘क’, प्रत्येक वेळी, न चुकता. ‘तोरू’चे ‘कोलू’, ‘फितू’चे ‘हिकू’. माओरी ‘तापू’ म्हणजे निषिद्ध, त्याचे हवाईत ‘कापू’. फिलिपाइन्समध्ये पाच म्हणजे ‘लिमा’, सात म्हणजे ‘पितो’, आठ म्हणजे ‘वालो’. आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या मादागास्करमध्ये पाच ‘दिमि’, सात ‘फितु’, आठ ‘वालु’. सूर्याचा ‘रा’ हवाईत आणि सामोआत ‘ला’ होतो, आणि आपल्या ‘रवि’शी जुळणारा ‘र’च नाहीसा होतो.

मादागास्करपासून रापानुईपर्यंत, अर्ध्या पृथ्वीवर पसरलेले हे ऑस्ट्रोनेशियन भाषांचे कुटुंब आहे. त्याचे मूळ तैवानच्या बाजूला जाते. माओरी त्या घरची लेक आहे. आपल्या घरातून ती गेलेली नाही.

इतिहासही हेच सांगतो. पॉलिनेशियन लोकांचे पूर्वज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी टोंगा-सामोआच्या भागात पोचले होते. इंडोनेशियातले सर्वांत जुने संस्कृत लेख सापडले ते बोर्निओ बेटावरच्या कुताईचे, साधारण इसवी सन ४०० च्या सुमाराचे. म्हणजे संस्कृत त्या बेटांवर येण्याच्या कितीतरी आधीच ही मंडळी पुढे निघून गेली होती. मागे जे राहिले त्यांनी संस्कृत मनापासून स्वीकारली. जुनी जावानी भाषा संस्कृत शब्दांनी भरलेली आहे. आजच्या इंडोनेशियनमध्ये ‘गुरू’ आहे, ‘नगारा’ आहे, आणि भाषेला शब्दच ‘बाहासा’ आहे. पण तिथेही व्याकरण त्यांचे स्वतःचेच राहिले. उसने घेतलेले शब्द आणि रक्ताचे नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत अर्ज, वकील, हुकूम आले म्हणून मराठी काही अरबीची मुलगी झाली नाही.

गोड गोष्टीची किंमत

"असेना का चुकीचे! त्यात कुणाचे काय बिघडते?" असे कुणी म्हणेल. बिघडते, आणि बरेच बिघडते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला माओरींची संख्या सुमारे ४२ हजारांवर आली होती. लढायांत आणि कायद्यांनी जमिनी गेल्या होत्या, रोगांनी गावे ओस पडली होती, आणि ही जमात आता संपणार असे सरळ बोलले जात होते. अशा वेळी त्यांना ‘आर्य’ ठरवणे म्हणजे त्यांना मान देणे, अशी ट्रेगियरची भावना असणार. पण त्या मानाला दुसरी बाजू होती. माओरीही आर्य आणि इंग्रजही आर्य. मग इंग्रजांचे इथे येणे म्हणजे एका भावाने दुसऱ्या भावाच्या घरी येण्यासारखे ठरते, आणि जमिनीचा प्रश्न आपोआप विरघळतो. ओटागो विद्यापीठाचे इतिहासकार टोनी बॅलंटाइन यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात भारत आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये ही आर्यकल्पना कशी ये-जा करत होती याचा सविस्तर मागोवा घेतला आहे. आपल्या महाराष्ट्रातही याच ‘आर्य’ शब्दाने किती रूपे घेतली ते पाहा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त बाहेरून आलेल्या आर्यांकडे शूद्रातिशूद्रांना जिंकणारे म्हणून बोट दाखवले, लोकमान्य टिळकांनी १९०३ साली आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ शोधले. एकच शब्द, पण ज्याचे त्याचे काम वेगळे.

आणि या गोष्टीतला सर्वांत कडू घास आपल्याच वाट्याला आला. १८८५ साली वेलिंग्टनच्या सरकारी छापखान्याने माओरींना भारतातून आलेले आर्य म्हणून जाहीर केले. १८९९ साली याच वेलिंग्टनमध्ये असा कायदा झाला की ब्रिटिश वंशाच्या नसलेल्या माणसाने इथे यायचे तर युरोपीय भाषेत स्वतः अर्ज लिहून सही करावी. संस्कृत ही युरोपीय भाषांची थोरली बहीण आहे असे विद्वान सांगत होते. पण एखाद्या शास्त्रीबुवांनी संस्कृतात अर्ज लिहिला असता तर तो चालला नसता. १९२० साली पुढचा कायदा आला. प्रवेशाचा परवाना आधी मागायचा, आणि तो देणे न देणे सरकारच्या मर्जीवर. मागोमाग पुकेकोहेला ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ उभी राहिली, आणि इथल्या भारतीयांना १९२६ साली आपली मध्यवर्ती संघटना बांधावी लागली. देशावरून माणूस निवडण्याचे धोरण कायद्याने संपले ते १९८७ साली. पुस्तकातल्या आर्याचा सत्कार आणि बंदरावर उतरलेल्या भारतीयाला अटकाव, हे दोन्ही एकाच काळात चालले होते. वंशाच्या थोरवीवर उभारलेला मान किती टिकतो ते यावरून कळावे.

माओरींच्या बाजूनेही विचार करू. त्यांच्याकडे वंशावळीला ‘फाकापापा’ म्हणतात. कोणती होडी, कोणता पूर्वज, कोणता डोंगर, कोणती नदी, हे सारे त्यात येते, आणि सभेत उभे राहिलेला माणूस आधी ते सांगतो. आपल्या गोत्रप्रवरासारखेच म्हणा ना. अशा माणसाला "तुमची भाषा मुळात आमची" असे सांगणे म्हणजे त्याची वंशावळ पुसून तिथे आपले नाव लिहिणे. आपल्याला कुणी येऊन मराठी ही अमक्या परक्या भाषेचीच बिघडलेली आवृत्ती आहे असे हसत हसत सांगितले तर कसे वाटेल?

त्यात या भाषेने काय सोसले तेही आपल्याला माहीत हवे. शाळेत माओरी बोलले म्हणून छड्या खाल्लेल्या पिढ्या या देशात होऊन गेल्या. १९७२ साली तीस हजारांवर सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे गेला: आमची भाषा शाळेत शिकवा. १९८२ साली वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाताला पहिले ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, सुरू झाले. आजीआजोबांनी नातवंडांशी दिवसभर माओरीतच बोलायचे. १९८७ साली माओरी अधिकृत भाषा झाली. पतंजलींनी महाभाष्यात म्हटले आहे की मडके हवे असले की माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवे म्हणून कुणी वैयाकरणाकडे जात नाही. शब्द लोकांच्या तोंडी असतात. माओरी आज्यांनी पतंजली वाचले नव्हते. पण भाषा कुठे जगते हे त्यांना नेमके कळले होते.

मग संस्कृतचा अभिमान धरायचा नाही का?

जरूर धरायचा, पण तो खऱ्या गोष्टींचा. आणि त्यासाठी पुन्हा ‘वाई’ या शब्दाकडे येऊ.

माओरीत ‘वाई’ म्हणजे पाणी; वाइकातो, वाइतांगी या नावांत तो शब्द आहे. हवाईच्या वाइकीकीतही तोच. आणि आपली वाई कृष्णेच्या काठी! वरच्या रीतीने गेलो तर सातारा जिल्ह्यात माओरी येऊन गेले असे सहज सिद्ध होईल. पण त्या वाईची खरी थोरवी वेगळी आहे. तिथल्या प्राज्ञपाठशाळेतून लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१ ते १९९४) घडले. न्यायशास्त्राची ‘तर्कतीर्थ’ ही पदवी त्यांच्या नावाचाच भाग झाली. अस्पृश्यता शास्त्राला धरून आहे असे सनातनी पंडित म्हणत होते, तेव्हा त्याच शास्त्रांच्या आधारे त्यांना उत्तर देण्याच्या कामी ते गांधीजींच्या मदतीला गेले. गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचे जातीबाहेरचे लग्न १९३३ साली पुण्याला झाले, ते शास्त्रीबुवांनीच लावले. पुढे वाईलाच बसून त्यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभारले. संस्कृत विद्या सार्वजनिक जीवनात उतरते ती अशी: प्रश्न विचारत, पुरावा मागत, आणि वेळ पडली तर आपल्याच लोकांच्या विरोधात उभी राहत.

दुसरे उदाहरण पुण्याचे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. ते १९६६ साली पुरे झाले. बाराशेवर हस्तलिखिते अक्षर अक्षर ताडून पाहिली गेली. संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्यापुढे आदिपर्वात एक प्रसंग आला. व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहायचे, ही आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची कथा. हस्तलिखितांचा पुरावा पुरेसा भरेना. सुखटणकरांनी ती मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. पुण्यात बसून गणपतीची कथा बाजूला ठेवायची! देवावरची श्रद्धा आणि ग्रंथावरची निष्ठा यांची गल्लत त्यांनी केली नाही. जगभरच्या विद्वानांनी त्या आवृत्तीला मान दिला तो या सचोटीला दिलेला मान आहे.

या देशातही अशा विद्येची परंपरा आहे. क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात अनेक वर्षे शिकवलेले प्राध्यापक पॉल हॅरिसन यांनी अफगाणिस्तानातून आलेल्या जुन्या हस्तलिखितावरून ‘वज्रच्छेदिका’ या संस्कृत बौद्ध ग्रंथाचे संपादन केले आहे. ऑकलंडच्या फिचिनो स्कूलमध्ये लहान मुलांना संस्कृत शिकवण्याचा पाठ घातला गेला. आणि ट्रेगियरचेच पाहा. १८९१ साली त्याने माओरी आणि इतर पॉलिनेशियन भाषांचा तौलनिक कोश काढला. १८९२ साली पर्सी स्मिथ यांच्याबरोबर पॉलिनेशियन सोसायटी स्थापली. सामोआ, ताहिती, हवाई, टोंगा इथले शब्द शेजारी शेजारी ठेवून केलेले ते काम अभ्यासकांच्या उपयोगी पडत राहिले. एकाच माणसाची दोन पुस्तके: ज्यात त्याने कल्पनेला मोकळे सोडले ते विनोदाचा विषय झाले, ज्यात शिस्त पाळली ते टिकले.

शपथ आणि अभ्यास

२५ नोव्हेंबर २०२० रोजी वेलिंग्टनच्या पार्लमेंटात हॅमिल्टन वेस्टचे तेव्हाचे खासदार डॉ. गौरव शर्मा यांनी आधी माओरीत आणि मग संस्कृतात शपथ घेतली. हिंदीत का नाही, असे काहींनी विचारले. त्यांचे म्हणणे असे होते की आपली मातृभाषा पहाडी, शिवाय पंजाबीही आहे. सगळ्यांचे समाधान कसे करणार? संस्कृत घेतली की सर्व भारतीय भाषांना वंदन होते. पुढे त्यांचे राजकारण वेगळ्या वळणाने गेले आणि २०२२ नंतर ते पार्लमेंटात राहिले नाहीत. पण त्या दिवसाचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी यजमानाची भाषा, मग आपली. दोन्ही शेजारी शेजारी, आपापल्या मानाने. एकीला दुसरीची मुलगी ठरवण्याची गरज पडली नाही.

अर्थात शपथ एका मिनिटाची असते. २०२३ च्या शिरगणतीप्रमाणे या देशात हिंदू तीन टक्क्यांच्या जवळ आले आहेत. मंदिरे आहेत, मंडळे आहेत, शनिवार-रविवारचे वर्ग आहेत. तिथे मुले स्तोत्रे पाठ करतात, आणि ती गोडही म्हणतात. पण अर्थ विचारला की बहुतेकदा आईवडीलच एकमेकांकडे बघतात. ‘संस्कृत ही सर्व भाषांची जननी’ एवढे एक वाक्य मुलांना देऊन आपण मोकळे होतो. ते मूल उद्या विद्यापीठात भाषाशास्त्राच्या पहिल्याच तासाला बसेल, हे वाक्य चुकीचे आहे असे त्याला कळेल, आणि मग घरी ऐकलेल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडेल. खोट्या अभिमानाची किंमत शेवटी खऱ्या ठेव्याला मोजावी लागते.

त्यापेक्षा मुलाला एक सुभाषित अर्थासकट द्यावे. ‘सप्त’चे ‘सात’ कसे झाले ते त्यालाच शोधू द्यावे. ‘दुग्ध’, ‘कर्ण’, ‘अग्नि’ देऊन नियम लावून पाहायला सांगावे. मग ‘तोरू’ आणि ‘कोलू’ शेजारी लिहून तिथला नियम शोधायला लावावा. दहा वर्षांच्या मुलाला हे कोडे सुटते, आणि सुटले की दोन्ही भाषांबद्दलचा आदर वाढतो.

आणि संस्कृतने आपल्या हाती दिलेली एक वस्तू तर इथे अगदी रोज उपयोगी पडणारी आहे. ती म्हणजे वर्णोच्चाराची शिस्त. आपल्या वर्णमालेत ‘ङ’ आहे. पाठ करताना आपण तो ‘वाङ्‌मया’पुरता म्हणतो आणि विसरतो. माओरीत तो शब्दाच्या आरंभीही येतो, आणि इंग्रजी जिभेला तिथे फार कष्ट पडतात. माओरीचे प, त, क आपल्यासारखेच, त्यांत हकाराचा फुंकर नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे त्यांच्याकडे आपल्याइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व आहे. ऱ्हस्व ‘केके’ म्हणजे खाण्याचा केक. तोच दीर्घ ‘केऽकेऽ’ म्हटला की काख! (आता ‘काख’ आणि ‘केऽकेऽ’ यांचे साम्य पाहून कुणी पुन्हा ट्रेगियरच्या वाटेला जाऊ नये.)

शाळेत, दवाखान्यात, कचेरीत माओरी नावे रोज उच्चारावी लागतात, आणि त्यांची मोडतोड ऐकून ती माणसे मुकाट्याने सोसतात. ज्यांच्या घरी ‘ङ’ म्हणायला शिकवतात त्या घरची मुले ती नावे नीट म्हणू शकतात. माओरी शेजाऱ्याला त्याची भाषा आपल्या घरची होती हे सांगण्यापेक्षा त्याचे नाव अचूक उच्चारले तर त्याला अधिक आनंद होईल. पाणिनीच्या देशातून आलेल्या माणसाने एवढे तरी करावे.